पन्नी खाली, फोम ऊपर

आधीच सांगून ठेवते, माझं हिंदी उत्तम आहे! आमच्या मंत्रालयात हिंदी पखवाड्याला निबंधाचं बक्षीस मी दोनदा पटकावलंय, आणि तेही कानपूर-लखनौवाल्यांच्या नाकावर टिच्चून. भाजीवाला तर मला विचारतो, "बहनजी, आप इलाहाबाद की हो क्या?" तो सगळ्यांनाच तसं विचारतो, असं विनयचं म्हणणं. विनय म्हणजे माझा नवरा. मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीचा इंजिनिअर आहे, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते.

तर मी जाहीर केलं, "हॉलमध्ये बांबूची जमीन टाकायची. मिस्त्रीशी मी बोलणार. एका दिवसात काम फत्ते!"

"तू मिस्त्रीशी बोलणार?" विनय म्हणाला.

"का? निबंध काय तू लिहिला होतास?"

आता बांबूचीच जमीन कशाला? तर बाबांसाठी. माझे वडील भाऊराव रामटेके, नागपूरच्या आय.टी.आय.मध्ये तीस वर्षं सुतारकाम शिकवून रिटायर झाले. आई गेल्यापासून एकटेच असतात. दर हिवाळ्यात मी बोलावते, ते येतात, आणि आठवड्याच्या आत पळून जातात. कारण जमीन! बाबा आयुष्यात पलंगावर झोपले नाहीत. पाठीला जमीनच लागते. आणि दिल्लीत आमच्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरला आहे सिमेंटचा कोबा. डिसेंबरात त्यावर अनवाणी पाय ठेवला की झिणझिण्या थेट टाळूपर्यंत! दोन गाद्या घातल्या तरी गारठा वर येतोच. गेल्या वर्षी चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, "समते, ही जमीन नाही वं माय, बर्फाची लादी आहे." पाचव्या दिवशी तत्कालचं तिकीट काढून चालते झाले.

या ऑक्टोबरात बाबा न्हाणीघरात पाय घसरून पडले. दूधवाला येईपर्यंत दोन तास तसेच पडून होते. हे मला पंधरा दिवसांनी कळलं, तेही शेजारच्या काकूंकडून. मी फोनवर ढसाढसा रडले. बाबा हसत होते! "काही मोडलं नाही, काहून रडते?" मी म्हटलं, "या हिवाळ्यात माझ्याकडे यायचं आणि निदान होळीपर्यंत राहायचं." तर म्हणाले, "जमीन बदल, मग बघू." त्यांनी थट्टेत म्हटलं होतं. मी तो लेखी आदेश समजले.

सरकारी क्वार्टरमध्ये एक खिळा ठोकायचा तरी मनात धाकधूक असते. पण या बांबूच्या जमिनीला खिळा नाही की गम नाही. कोब्यावर आधी प्लास्टिक अंथरायचं, म्हणजे ओल वर येत नाही. दिल्लीत त्याला पन्नी म्हणतात. पन्नीवर फोम. फोमवर बांबूच्या पट्ट्या, एकीत एक खटाखट अडकवायच्या. सगळी जमीन आपल्याच वजनावर नुसती पडून राहते, म्हणून तिला म्हणायचं फ्लोटिंग. बदली झाली की उचला आणि चला! फक्त भिंतीकडेनं बोटभर फट सोडायची, कारण बांबू हवेप्रमाणे फुगतो आणि आक्रसतो.

"आणि पट्ट्या आल्या की तीन दिवस नुसत्या घरात ठेवायच्या," मी वाचून दाखवलं. "त्यांना घराची हवा लागू द्यायची."

"माझी आई आली तेव्हा तिला कोणी दिले होते तीन दिवस?" विनय म्हणाला. मी ऐकलंच नाही.

पट्ट्यांचे खोके आले. तीन दिवस ते हॉलमध्ये पाहुण्यांसारखे बसून राहिले आणि आम्ही त्यांच्या कडेकडेनं फिरलो. मिस्त्री मिळाला जवळच्या मुनिरकातला, नाव रिंकू. रिंकू म्हटल्यावर मला वाटलं कोणी विशीतला पोरगा असेल. आला तो पंचावन्न वर्षांचा, पांढऱ्या झुपकेदार मिशांचा रिंकू!

"बांबू का किया है कभी?" मी विचारलं.

"मैडम, लकड़ी वाला बहुत किया है। और बांबू क्या है? घास ही तो है। बिल्कुल टेंशन मत लो, शाम तक मक्खन!"

शुक्रवारी काम, शनिवारी सकाळी बाबांची गाडी निजामुद्दीनला. मी शुक्रवारची रजा टाकली. आणि शुक्रवारी सकाळी साडेनऊला ऑफिसातून फोन: पार्लमेंट क्वेश्चन आलाय! ज्यांच्या घरात कोणी मंत्रालयात आहे त्यांना सांगायला नको. अधिवेशन चालू असताना प्रश्न आला की माणूस लग्नाच्या मांडवातूनही उठून येतो. रिंकू नऊचा वायदा करून अजून उगवला नव्हता. प्रदूषणामुळे आमच्या लेकीच्या, प्रज्ञाच्या शाळेला सुट्टी होती. तिला वरच्या मजल्यावर राजवीरजींच्या आईकडे सोडलं, किल्ली तिथेच ठेवली आणि धावले.

दुपारी दोनला मी सहसचिवांच्या खोलीत. मांडीवर फाईल, समोर साहेब, आणि कानाला फोन. नागपूर स्टेशनवरून बाबा बोलत होते. गाडीत चढले होते आणि गोंधळले होते.

"बाबा, बॅग बर्थच्या खाली ठेवा! खाली हो, खाली! आणि डबा वर!"

तेवढ्यात मधे रिंकूचा फोन. मी बाबांना थांबवलं आणि रिंकूला घेतलं. बटण बदललं, पण जीभ काही बदलली नाही. जीभ नागपूरच्या गाडीतच बसून राहिली!

"मैडम, पहले क्या डालें?"

"पन्नी खाली," मी कुजबुजले.

"खाली पन्नी?"

"हाँ भई! पन्नी खाली, फोम ऊपर!"

"फोम ऊपर?"

"ऊपर, ऊपर! फिर बांबू।"

"और मैडम, सोफा?"

सोफा खाली जिन्याजवळ ठेवायचा असं माझ्या मनात होतं. "सोफा खाली!"

"सोफा तो खाली ही है मैडम, कोई नहीं बैठा।"

माझा पारा चढला. साहेब चष्म्यावरून बघत होते. "अरे भाई, सब सामान खाली!"

"मतलब... पूरा घर खाली?"

"हाँ! और दीवार के पास फट का ध्यान रखना!"

"दीवार फटी है?"

"एक उंगली की फट! चारों तरफ! भूलना मत!"

"नहीं भूलेंगे मैडम।" रिंकूच्या आवाजात काळजी होती. मला वाटलं, बघा, किती जबाबदार माणूस!

फोन ठेवला. साहेब म्हणाले, "मेश्राम मैडम, आपकी हिंदी बहुत साफ है।" मी लाजले.

संध्याकाळी सहाला कॉलनीत शिरले तर आमच्या ब्लॉकसमोर गर्दी. जवळ गेले, तर हिरवळीवर आमचा संसार! कडुनिंबाखाली फ्रिज. त्याला टेकून पलंग. गॅसची शेगडी, डाळी-तांदळाचे डबे, विनयचे वाळत घातलेले बनियन, सगळं ओळीनं मांडलेलं. देवाशप्पथ सांगते, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा! आणि आमच्या सोफ्यावर एक अनोळखी जोडपं पाय पसरून बसलेलं.

बाई उठल्या. "आप ही मेश्राम मैडम? सुना क्वार्टर खाली हो रहा है। हम लोग पीछे वाले ब्लॉक में हैं, सीलन बहुत है, दीवारें गीली रहती हैं। गीज़र आपका है कि सरकारी?"

"कोण म्हणालं खाली होतोय?" मी मराठीतच किंचाळले.

"मिस्त्री जी ने बताया। और पर्दे? पर्दे छोड़ के जाओगे क्या?"

आर. के. पुरममध्ये 'क्वार्टर खाली' हे दोन शब्द उच्चारायची खोटी! तासाभरात तीन कुटुंबं माझं स्वयंपाकघर बघून गेली होती. एकानं तर बेडरूममध्ये डबल बेड मावतो का ते पावलांनी मोजलंसुद्धा!

एवढ्यात जिन्यावरून राजवीरजी लाडवांचा डबा घेऊन उतरले. "बधाई हो भाभीजी! ट्रांसफर कहाँ हुआ? पुणे? और फोम के लिए माताजी ने बहुत आशीर्वाद दिया है।"

"फोम?"

"आपने ऊपर भिजवाया ना! आज सत्संग है। तीस औरतें आराम से बैठी हैं।"

मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. खरंच! माझा फोम कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अंथरलेला आणि त्यावर तीस बायका टाळ्या वाजवत बसलेल्या. त्यांत माझी दहा वर्षांची प्रज्ञा, प्रसादाचा हलवा खात. तोंड उघडून म्हणणार होते, "उठा सगळ्याजणी!" पण माताजींनी माझा हात धरून मला शेजारी बसवलं, डोक्यावरून हात फिरवला आणि डोळे पुसत म्हणाल्या, "ऐसी पड़ोसन फिर कहाँ मिलेगी!" मी अर्धा तास टाळ्या वाजवल्या.

मग खाली आमच्या घरात. रिंकू दारात हात पुसत उभा. जमीन दिसायला सुंदर होती हो! सोनेरी, गुळगुळीत, मधाच्या रंगाची. क्षणभर सगळा राग विसरले. पाऊल टाकलं. टाक! दुसरं टाकलं. टाक! खाली नुसती पन्नी, आवाज दाबायला काहीच नाही.

"आपने ही बोला, खाली पन्नी," रिंकू म्हणाला. "और दीवार के पास सच में फट थी मैडम, चारों तरफ। सब में पुट्टी भर दी। अब चींटी भी नहीं घुसेगी!"

मी भिंतीला धरून बसले.

साडेसातला कंपनीच्या बसनं विनय आला. टाक टाक टाक करत आत आला आणि थांबला. "समता, घरात घोडा घेतला का आपण?" मी सगळं सांगितलं. त्यानं बूट काढले. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "तू 'खाली' म्हणालीस?"

"मग काय म्हणू?"

"नीचे."

मी कपाळावर हात मारला. अकरा वर्षं दिल्लीत! दोन बक्षिसं! भाजीवाल्याशी, ऑटोवाल्याशी, आख्ख्या मंत्रालयाशी मी 'नीचे' म्हणते. आणि ऐन वेळी तोंडातून निघालं माहेरचं 'खाली'! हिंदी माणसाला त्याचा अर्थ एक तर रिकामं, नाही तर नुसतं. माझ्या एका शब्दानं रिंकूनं नुसती पन्नी घातली, घर रिकामं केलं आणि फोम वरच्या मजल्यावर पोचवला. चूक त्याची एकही नव्हती, याचाच मला जास्त राग आला.

संसार वर चढवता चढवता कंबर मोडली. ते सोफ्यावरचं जोडपं शेवटी उठलं, पण नाराज होऊन. आणि मग मी एक शहाणपणा केला. बाबा येणार म्हणून ती नवी जमीन पुसून काढली. फिनेल घालून, दोन बादल्या पाणी, मस्त पाच वेळा!

"बांबूला एवढं पाणी चालतं का?" विनयनं विचारलं.

"तू खोटच काढ प्रत्येकात!"

सकाळी मला जाग आली ती प्रज्ञाच्या हाकेनं. आम्ही दोघी हॉलमधल्या दिवाणावर झोपलो होतो.

"मम्मी! फ्लोर के बीच में पहाड़ आ गया!"

"मराठीत बोल!"

"मराठीत... पहाड़ आला!"

खरंच आला होता. बांबू रात्रभर पाणी पिऊन फुगला. पसरायला भिंतीकडेनं जागा नाही, तिथे पुट्टी. मग जाणार कुठे? वर! हॉलच्या मधोमध वीतभर उंच टेकडी. दिवाण तिरका, टीपॉय घसरून कोपऱ्यात. आणि आमच्या क्वार्टरचं बेडरूमचं दार हॉलमध्ये उघडतं. का, ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. त्या दारामागे विनय.

"समता, दार उघडत नाहीये!"

"ढकल!"

"ढकलतोय! बाबांची गाडी आली असेल, मला स्टेशनवर जायचंय!"

मी बाहेरून ओढलं, त्यानं आतून ढकललं, प्रज्ञानं माझी ओढणी ओढली. दार हललं नाही. शेवटी झरोक्यातून काठीला पिशवी बांधून त्याला पोहे पोचवले. नवरा कसाही असला तरी उपाशी ठेवता येत नाही.

आणि बेल वाजली. बाहेरचं दार हातभर उघडून अडकलं. त्या हातभर फटीतून आधी बॅग आली, मग डबा, मग आडवे होत बाबा.

बाबा उभे राहिले. टोपी सारखी केली. टेकडीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा टेकडीकडे.

"जावईबापू कुठं आहेत?"

"जय भीम, बाबा!" बेडरूमच्या दारातून आवाज आला. "मी आत आहे!"

"जय भीम. मग बाहेर या की."

"जमीन येऊ देत नाहीये!"

बाबा गुडघ्यांवर हात ठेवत हळूच खाली बसले. गुडघे कटकन वाजले. बोटाच्या पेरानं त्यांनी एक पट्टी ठोकली, कान लावला, आणि तोंडी परीक्षा सुरू झाली.

"फोम?"

"वर."

"वर म्हणजे?"

"राजवीरजींकडे. सत्संगाला."

"कडेची फट?"

"भरली. पुट्टीनं."

"पाणी मारलं का?"

मी बादलीकडे बघितलं.

"दो बाल्टी!" प्रज्ञा म्हणाली. "फिनाइल डालके!"

"अवं माय!" बाबा म्हणाले. "तीस वर्षं पोरं शिकवली, पण सगळ्या चुका एकाच कामात करणारा एक बी नाही भेटला!"

आणि मला रडूच फुटलं. अगदी भोकाड पसरून. "बाबा, तुम्ही राहावं म्हणून केलं हो हे! तुम्ही तिथे पडलात, दोन तास कोणी नव्हतं. मला इथे झोप लागत नाही. फोन वाजला की जीव उडतो माझा. वाटलं, जमीन गरम असली तर तुम्ही राहाल. आता हिच्यावर कोण झोपणार?"

बाबांनी उपरण्यानं चष्मा पुसला. मग म्हणाले, "पटाशी आहे का घरात?"

पटाशी नव्हती, पोळपाटाजवळचा जुना स्क्रू ड्रायव्हर होता. बाबांनी त्यानं भिंतीकडेची पुट्टी उकरायला सुरुवात केली. जसजशी फट मोकळी झाली तशी टेकडी हुश्श करत खाली बसत गेली. अकरा वाजता दार उघडलं आणि विनय बाहेर आला. तो आधी बाबांच्या पाया पडला, मग बाथरूमकडे धावला.

दुपारी रिंकूला बोलावलं. म्हटलं, आता नीट समजावते. तोंड उघडायच्या आत बाबाच पुढे झाले. बाबांचं हिंदी म्हणजे पक्कं नागपुरी!

"क्या भाऊ, फट काहे को भर दिया? बांबू को सास लेने को जगा नको?"

रिंकूनं कान पकडले. "बिल्कुल सही, बाबूजी।"

"अब सब पट्टी निकालने का, सुखाने का, नीचे फोम बिछाने का। समजा क्या?"

"समझ गए उस्ताद जी!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मैडम, बाबूजी की हिंदी एकदम साफ है।"

मी स्वयंपाकघरात निघून गेले.

माताजींनी फोम परत केला. उदबत्तीचा वास आणि हलव्याचे दोन डाग, एवढं वरकड घेऊन तो आला. पट्ट्या गच्चीवर सावलीत सुकल्या. बाबा आणि रिंकू रोज थोडं थोडं काम करत होते, मधे चहा, मधे रंध्यावर व्याख्यान. रिंकू वहीत लिहून घ्यायचा! पंधरा दिवसांत जमीन अशी झाली की पाऊल टाकलं तरी आवाज नाही. बाबांनी तिच्यावर गादी अंथरली, पाठ टेकली आणि म्हणाले, "आहा!"

माझा जीव भांड्यात पडला. तर दुसऱ्याच सकाळी बाबा म्हणतात, "चला, काम झालं. आता पुढच्या आठवड्याचं तिकीट बघा."

म्हणजे बाबा थांबले होते ते जमिनीसाठी नव्हेच, कामासाठी! आता काय करू? सांगायला लाज वाटते, पण सांगते. ऑफिसला निघताना बाबा अंघोळीला गेले होते तेवढ्यात कपाटाजवळची एक पट्टी मी स्क्रू ड्रायव्हर घालून दोन बोटं उचकटली. संध्याकाळी बाबा ती न्याहाळत बसलेले. "ही उचलली की वं! आणखी आठ दिवस गेले." तिकीट राहिलं. तेव्हापासून दर सोमवारी माझी एक पट्टी ठरलेली. उचकटताना कडा चेपतात, ओरखडे उठतात, पण बाबांना काही संशय आला नाही.

परवाच्या सोमवारी मात्र मला उशीर झाला आणि पट्टी राहूनच गेली. दिवसभर फायलीत लक्ष नव्हतं. घरी आले तर बाबा बाल्कनीजवळ उकिडवे बसलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"समते, ही बी उचलली बघ. इतक्यात काही सुटका दिसत नाही."

मी वाकून बघितलं. तिला मी हात लावला नव्हता. विनय मानेसरला, प्रज्ञा शाळेत. पट्टी अगदी दोन बोटं वर आलेली, आणि तिच्या कडेला एक ओरखडा नाही, एक चेप नाही. एवढी सफाई आमच्या घरात एकाच माणसाच्या हाताला आहे.

"होळीनंतरही थांबावं लागेल असं दिसतंय, बाबा," मी म्हटलं.

बाबांनी पट्टीवरून हळूच हात फिरवला. "काय करणार? बांबूचं काही सांगता येत नाही."